ऋषिपंचमी ते भोगी : परड्यातल्या माळव्याचं वर्ष

परड्यात काय लावायचं आणि कधी लावायचं, हे मी वर्षातल्या दोन ताटांवरून ठरवते. एक ऋषिपंचमीचं आणि दुसरं संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीचं.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, ही आपली जुनी रीत. नांगरलेल्या रानातलं त्या दिवशी चालत नाही. चालतं ते माणसानं कुदळीनं, खुरप्यानं केलेलं. मंडईत त्या सकाळी ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात, पण ते कुठल्या रानातले आणि त्यांवर काय फवारलंय, हे विकणाऱ्या मावशीला तरी कुठं माहीत असतं? सासूबाई हा उपवास अजून निष्ठेनं करतात. त्यांच्या ताटातली भाजी घरचीच असावी, एवढ्या एका हट्टापायी मी परडं नीट मांडायला घेतलं. त्या ताटाला जे जे लागतं ते लावलं की पावसाळाभर घरात भाजी असते. भोगीला लागतं ते लावलं की हिवाळा निघतो. राहिला उन्हाळा, तो मातीच्या कामाचा.

आमचं घर सांगलीत, हरिपूर रस्त्याला. मागं अर्धा गुंठा, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आतबाहेर मोकळी जागा आहे. चार माणसांची रोजची एक भाजी त्यातून निघते. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर मी लावत नाही. कांद्या-बटाट्याला जागा फार लागते, आणि कोबीचा एक गड्डा अडीच-तीन महिने जागा अडवून बसतो, वर अळ्या वेगळ्याच. तेवढ्या वेळात त्या जागेतून मेथी तीनदा निघते. तोडल्यावर तासाभरात जिची चव उतरते, ती भाजी घरी लावा. टिकणारी बाजारातून आणा.

जागा निवडताना आधी ऊन बघा. वांगी, टोमॅटो, मिरची, वेलभाज्या यांना रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. पालेभाज्या चार तासांवर भागवून घेतात. अळू, हळद, आलं भिंतीच्या अर्ध्या सावलीतही येतात. वेलांचा मांडव उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे हिवाळ्यात त्याची सावली बाकीच्या वाफ्यांवर पडत नाही.

काळ्या मातीशी कसं वागायचं

कृष्णाकाठच्या काळ्या मातीचं कौतुक सगळे करतात, पण परड्यात ती सोपी नसते. पावसात चपलेला किलोभर चिकटते, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. जुलैच्या झडीत पाणी आठवडाभर तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-टोमॅटोची रोपं बसल्या जागी माना टाकतात. म्हणून आमच्याकडे सपाट वाफा करू नका, गादीवाफाच करा. रुंदी तीन फूट, उंची नऊ इंच ते फूटभर, मधली वाट दीड फूट. तीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. वाफ्यात पाय कधीच द्यायचा नाही. एकदा तुडवलेली काळी माती पुन्हा मोकळी व्हायला एक उन्हाळा जातो. वाटेला थोडा उतार ठेवा, पाणी कुठं जाणार ते पावसाआधीच बघून ठेवा.

माती हलवायची ती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा ओलीवर. मूठभर माती घेऊन गोळा दाबा आणि त्यावर अंगठा टेका. गोळा भसकन फुटला तर वाफसा आला, कामाला लागा. अंगठ्याखाली नुसताच चेपला तर दोन दिवस थांबा. ओल्यात खुरपं चालवलं की जी ढेकळं होतात, ती पुढं महिनाभर फुटत नाहीत, आणि त्यांच्यात मेथीचा दाणासुद्धा नीट बसत नाही. चार पाट्या वाळू टाकून माती मोकळी होईल, असं बरेच जण सांगतात. तेवढ्या वाळूनं होत नाही, उलट वाळल्यावर माती जास्त आवळते. काळी माती मोकळी होते ती कुजलेल्या खतानं आणि पालापाचोळ्यानं, तीही दोन-तीन हंगाम सलग घालत राहिलं तर.

तीन फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला दर हंगामाला दीड-दोन घमेली शेणखत लागतं. पण ते पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं की भुगा व्हायला हवा, वास मातीचा यायला हवा, आणि ढिगाच्या पोटात हात घातला तर ऊब लागता कामा नये. कच्च्या शेणाबरोबर हुमणी घरात येते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची ती अळी आपल्या ऊसवाल्यांना चांगली ठाऊक आहे. परड्यात ती वांग्याच्या आणि मिरचीच्या मुळ्या खाते. खत आणलं की फरशीवर पसरून एकदा हातानं उलथंपालथं करा आणि दिसतील त्या अळ्या वेचून काढा. कोंबड्या असतील तर त्यांना सोडा, त्या आपलं काम चोख करतात. नव्या गाडीतलं खत वाफ्यात घालण्याआधी एका कुंडीत मातीबरोबर मिसळून चार दाणे मेथीचे टाकून बघा. रोपं पिवळी पडली किंवा वाकडीतिकडी उगवली, तर ते खत अजून मुरू द्या.

आपल्याकडे एक गोष्ट फुकट आणि भरपूर आहे, ती म्हणजे उसाचं पाचट. तोडणी झालेल्या फडात अजून कितीतरी ठिकाणी ते पेटवून देतात, आणि हिवाळ्यात संध्याकाळी सगळ्या शिवारावर धूर असतो. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो आनंदानं दोन-चार भारे देतो. पाचट कोयत्यानं वीतभर तुकडे करून वाफ्यावर तीन-चार बोटं जाड पसरा, खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडून. उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं, तण उठत नाही, मातीला भेगा पडत नाहीत, आणि वर्षभरात खालचा थर स्वतःच माती होतो. फक्त कच्चं पाचट मातीत गाडू नका. ते कुजवणारे जिवाणू आधी मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि वरची रोपं पिवळी पडतात. पाचट वरच राहू द्या, नाहीतर खतखड्ड्यात जाऊ द्या.

खतखड्डा म्हणजे आमच्याकडे कोपऱ्यात विटा मोकळ्या रचून केलेले दोन हौद आहेत. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा एक भाग टाकला की त्यावर पाचट आणि वाळला पाला दोन भाग. वास आला किंवा चिलटं झाली तर सुकं कमी पडलंय. महिना झाला तरी काहीच हललं नाही तर पाणी कमी पडलंय. आठवड्यातून एकदा शेणाचं पाणी शिंपडलं की काम लवकर होतं. एवढं जमलं तर विकतचं गांडूळखत आणायची गरज नाही.

आता राखेबद्दल, कारण सेंद्रिय म्हटलं की जो तो राख घाल म्हणतो. आपल्या काळ्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास असतो, म्हणजे ती मुळातच विम्लधर्मी, आम्लाच्या उलट. राख आणि चुना तोच सामू आणखी वर नेतात. अंड्याच्या टरफलांतही चुनाच, आणि तो आपल्या मातीत आधीच भरपूर आहे. सामू वाढला की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर समजा की हेच चाललंय. अशा वेळी राख बंद करा, कुजलेलं खत वाढवा, पाणी हात राखून द्या. माती परीक्षण एकदा करून घ्याच. सरकारी प्रयोगशाळेत खर्च फार येत नाही आणि पुढचे सगळे अंदाज खरे ठरायला लागतात.

पाण्याचंही तसंच. मिरज आणि पूर्वेकडच्या बाजूला बऱ्याच बोअरचं पाणी मचूळ आहे. वाफ्यावर पांढरी पापडी धरू लागली की ते क्षार. अशा घरी पावसाचं पाणी पिंपात साठवा, शक्य तेवढं नळाचं पाणी वापरा, आणि निचरा चांगला ठेवा, म्हणजे पावसाळ्यात क्षार धुऊन खाली जातात. पाणी सकाळी द्या, मुळाशी द्या. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं मुरवलेलं पातळ खत, मी पंधरा-वीस दिवसांनी देते. पद्मश्री सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतलं एकराचं माप दोनशे लिटरचं आहे. परड्यासाठी त्याचा दहावा हिस्सा पुरे : वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायला काढायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. दहापट पाण्यात मिसळून ओल्या मातीत, मुळाशी. ज्या पालेभाज्या आपण कच्च्या खातो, त्यांच्या पानांवर हे कधीही शिंपडू नका. ते ताजं शेण आहे, कोथिंबीर-मेथीवरून ते थेट पोटात जायला नको.

ऋषिपंचमीपासून मागं मोजायचं

आधी दिनदर्शिका बघा, कारण ही तिथी फिरते. २०२५ मध्ये ऋषिपंचमी २८ ऑगस्टला आली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यानं ती १५ सप्टेंबरला आहे. अडीच आठवड्यांचा हा फरक भेंडीला फार मोठा.

तिथीपासून उलटं मोजत जा. लाल भोपळ्याला नव्वद-शंभर दिवस लागतात, म्हणून त्याचं बी मे संपता संपता, पाण्यावर, आळं करून टाकायचं. मक्याची कोवळी कणसं हवीत तर सत्तर-पंच्याहत्तर दिवस धरा. पडवळ, दोडका साठ-सत्तर दिवस. भेंडी आणि चवळी पन्नास. लाल माठ तीस. अळू एकदा सांडपाण्याच्या कडेला कंद लावला की वर्षानुवर्षं राहतं, फक्त ते पाणी साबणाचं नको. म्हणजे पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आला की आधी वेल, मग भेंडी, आणि पंचमीच्या महिनाभर आधी माठ. दोडक्याचं, पडवळाचं बी रात्रभर भिजवून एका आळ्यात दोन टाका, बोटाच्या एका पेराएवढं खोल. दोन्ही उगवली तर अशक्त रोप कात्रीनं कापा. उपटू नका, दुसऱ्याची मुळं हलतात.

भेंडीचं बी घेताना केवड्याला दाद न देणारा वाण मागा. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका ही दोन नावं दुकानदाराला माहीत असतात. केवडा म्हणजे शिरा पिवळ्या पडून पान जाळीदार होणं. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि एकदा आला की औषध नाही. तसं झाड दिसलं की उपटायचं.

वेल फुलांनी भरलाय पण फळ धरत नाही, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं. घोसाळी, कारली, भोपळा यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, त्यांच्यावर मधमाश्या येतात. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात, तेव्हा शहरात माश्या फारशा नसतात. म्हणून दिवेलागणीला मांडवाखाली जायचं, नर फूल तोडून पाकळ्या मागं दुमडायच्या आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. पाच मिनिटांचं काम. माझ्या नातीला ते इतकं आवडतं की ती आली की मांडव तिच्याच ताब्यात असतो. परागीभवन झालेलं फळ तीन-चार दिवसांत फुगायला लागतं, न झालेलं पिवळं पडून गळतं.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दुधी, घोसाळं, काकडी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ खतखड्ड्यात घाला. कडू दुधीनं, विशेषतः त्याच्या रसानं, माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. साखर-मीठ घालून किंवा शिजवून ते विष जात नाही. घरचं आहे, फवारा नाही, म्हणून ते निर्धोक होत नाही.

ऋषीची भाजी आमच्याकडे बिनफोडणीची असते. अळूची पानं-देठं, माठ, भोपळ्याच्या फोडी, मक्याचे तुकडे, भेंडी, दोडका, पडवळ, चवळीच्या शेंगा, सगळं एकाच पातेल्यात. हिरवी मिरची, मीठ, थोडी चिंच, वरून ओलं खोबरं. तेल नाही, मसाला नाही, म्हणून त्यात भाजीचा ताजेपणा लपत नाही. शिळी भेंडी त्या पातेल्यात लगेच कळते.

भोगीचं ताट म्हणजे हिवाळ्याचा आराखडा

भोगी १३ किंवा १४ जानेवारीला, त्यामुळं इथं पंचांगाची भानगड नाही. पावटा आणि घेवडा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस ओसरला की. हरभरा आणि गाजर ऑक्टोबरच्या मध्यावर. वाटाणा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तीळ, बाजरी आणि बोरं बाजारातून आणायची.

हरभऱ्याची एक ओळ प्रत्येकानं लावावीच. महिन्याचा झाला की शेंडे खुडा. त्यानं झाड फुटतं, घाटे वाढतात, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी, ती आंबूस पानं, भरपूर लसूण आणि शाळूची भाकरी, हे विकत मिळणाऱ्या कुठल्याच भाजीत नाही. गाजराला फूटभर खोल भुसभुशीत वाफा लागतो. काळ्या मातीत ढेकूळ लागलं की गाजर तिथंच दोन पायांत फुटतं, म्हणून त्या वाफ्यात खत सर्वांत जास्त आणि सर्वांत जुनं घालते. पावटा, घेवडा, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. काढणी झाली की ही झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळं आत राहू द्या. पुढच्या हंगामात तिथं वांगी किंवा पालेभाजी.

पालेभाज्या मात्र एकदम पेरू नयेत. तीन फूट बाय दोन फुटांची पट्टी दर पंधरा दिवसांनी पेरत राहा. मेथी चार आठवड्यांत येते, पालक पाच, कोथिंबीर सहा-सात. धणे चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा, नाहीतर आठवडाभर काहीच दिसत नाही आणि लोक पुन्हा पेरतात. माठ, चाकवत यांचं बी बारीक, ते चाळलेल्या मातीत मिसळून पेरलं की सारखं पडतं. पालक, चाकवत उपटू नका. दोन बोटं वर ठेवून कापा, पुन्हा फुटतात.

वांग्याला वेगळं घ्यावं लागेल

कृष्णाकाठची वांगी म्हटलं की आमच्याकडे माणसं सरसावून बसतात. काटेरी, पांढऱ्या-हिरव्या रेघांची, पातळ सालीची, शिजली की लोण्यासारखी. भोगीला ही हवी असतील तर ऑगस्टच्या शेवटी बी टाका. वीत-दीड वीत उंचीचं, पाच-सहा पानांचं रोप महिन्याभरात तयार होतं. रोपवाटिकेवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा. तुडतुडे आणि पांढरी माशी रोपावस्थेत दूर राहिले की पुढं निम्मा त्रास कमी. लावताना दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवा, प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड घाला आणि लावणी संध्याकाळीच करा. लावणीपासून साठ-सत्तर दिवसांनी पहिली तोड, म्हणजे डिसेंबरात सुरू होऊन भोगीला भर.

वांग्याचा खरा शत्रू शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. सकाळी बाकी झाड टवटवीत आणि एकच शेंडा मान टाकून असेल, तर ती त्या शेंड्यात आहे. भोकाच्या खाली दोन बोटांवर शेंडा कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नुसता खाली टाकला तर अळी बाहेर पडून मातीत कोष करते. भोक पडलेली वांगीही त्याच बादलीत. हे रोज करायचं, रोज म्हणजे रोज, चहाचा कप हातात घेऊन का होईना. अळी एकदा फळात शिरली की कुठलाही फवारा, सेंद्रिय असो की रासायनिक, तिच्यापर्यंत पोचत नाही. बाजारातल्या वांग्यावर सारखं फवारावं लागतं ते याचमुळे. शेतकऱ्याला हजारो झाडांचे शेंडे रोज तपासणं परवडत नाही, आपल्याला दहा झाडांचे परवडतात. घरच्या वांग्याचा सगळा फायदा यात आहे.

पानं एकदम बारीक होऊन झुपका धरला, फूल नाही, फळ नाही, तर तो पर्णगुच्छ. ते झाड ठेवू नका, तुडतुडे रोग शेजारच्या झाडावर नेतात. चांगलं झाड मात्र फेब्रुवारीत तोड कमी झाली की फूटभरावर छाटा, खत द्या, पाणी द्या, ते पुन्हा फुटतं. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच कुळातले. एका वाफ्यात त्यांतलं काही आलं की पुढची दोन वर्षं तिथं त्यांतलं दुसरं काही नको. कडेनं झेंडू लावा, मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी त्यानं कमी होतात, आणि दसऱ्याला फुलं घरचीच होतात.

बाकीच्या किडींसाठी मला दोन-तीनच गोष्टी लागतात. ढगाळ हवेत पावट्यावर मावा येतो, त्याला आधी पाण्याची जोरदार धार. त्यावरच काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरताना दिसतील. त्या ढालकिड्याच्या, मावा खाणाऱ्या. त्यांना मारू नका. धारेनं भागलं नाही तर निंबोळी अर्क : जून-जुलैत कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम बिया कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळून चिमूटभर साबणचुरा घालायचा. फवारणी संध्याकाळी, कारण त्यातलं कीडनाशक उन्हात लवकर निकामी होतं. वेलभाज्यांच्या फळमाशीला क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा मांडवाला टांगा, त्यात नर अडकतात. तंबाखूचा काढा मात्र मी परड्यात येऊ देत नाही. त्यातलं निकोटिन हे जहालच विष आहे, ते देशी असल्यानं सौम्य होत नाही.

उन्हाळा आणि पूर

एप्रिल-मेमध्ये गवार, चवळी, तांदुळजा एवढंच ठेवते. रिकाम्या वाफ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरायचा आणि फुलावर यायच्या आधी, साधारण सहा आठवड्यांनी, कापून मातीत मिसळायचा. चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेल्या जमिनीला धैंचा जास्त चांगला. अक्षय्य तृतीयेच्या आसपास भिंतीच्या सावलीला हळदीची एक ओळ लावते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची ती जुनी रीत. त्या गावाच्या वाटेवर राहून परड्यात हळद नसणं मला पटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ती निघते आणि तिचं ओलं लोणचं घालता येतं.

नदीकाठच्यांनी पुराचाही विचार ठेवायला हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत ज्यांच्या परड्यात पाणी आलं, त्यांना हे सांगायला नको. पुराच्या पाण्यात गटारं, रानातली औषधं, मेलेली जनावरं, सगळं असतं. ते पाणी लागलेली कुठलीही पालेभाजी, मुळा, गाजर, कोवळी फळं खाऊ नका, कितीही धुतली तरी. सगळं काढून टाका, हातमोजे आणि बूट घालून. माती पूर्ण वाळू द्या, वरची पापडी फोडा, मग धैंचा पेरा आणि तो गाडून झाल्यावरच खाण्याचं पीक घ्या. गाळ वाईट नसतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

ताटात

तोडायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, आणि खायचं त्याच दुपारी. भेंडी, गवार एक दिवसाआड तोडा. दोन दिवस जास्त राहिली की जून होते आणि झाडही नवीन फुलं कमी धरतं. फवारा नसला तरी पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुवा, माती आणि खताचे कण असतातच.

परडं असलं की कुठला भाग टाकायचा हे नव्यानं शिकावं लागतं. कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला बारीक चिरून, त्यावर शेंगदाण्याचं कूट, मीठ, चटणी आणि कच्चं तेल, की घोळाणा झाला. शिजवायचंच नाही. चाकवताचं गरगटं करा, डाळ-दाण्यांसकट घोटून, वर लसणीची फोडणी. दोडक्याच्या शिरा फेकू नका. तव्यावर तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर भाजल्या की चटणी होते. भोपळ्याच्या नर फुलांची भजी करा. शेवग्याचं एक झाड कोपऱ्यात असू द्या आणि ते उंच होऊ न देता छाटत राहा, म्हणजे पाला हाताशी येतो.

भोगीची भाजी : पावट्याचे दाणे, सोलाणे (ओल्या हरभऱ्याचे दाणे), वाटाणा, घेवड्याच्या शेंगा, गाजर, चार चिरा दिलेली लहान वांगी, दोन-चार बोरं. फोडणीत कांदा-लसूण चटणी, वर भाजलेल्या तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, थोडा गूळ. आधी दाणे अर्धे शिजवा, मग गाजर, शेवटी वांगी, नाहीतर वांगी विरघळतात. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी.

त्या दिवसाआधीच दोन वांगी झाडावर खूण करून सोडलेली असतात, सर्वांत निरोगी झाडावरची, दोरा बांधून. ती पिवळी-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत राहू द्या. मग कापून, बी पाण्यात चोळून, तळाला बसलेलं तेवढं घ्या आणि सावलीत कागदावर वाळवा. पाकिटावर संकरित लिहिलेल्या बियाण्याचं असं बी धरू नका, पुढच्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत. भेंडी, दोडका, पावटा यांच्याही एक-दोन शेंगा-फळं वेलावर वाळू द्या. बी कडकडीत वाळलं की कागदाच्या पुडीत, पुडीवर वाणाचं नाव आणि महिना-वर्ष लिहून, पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. वांग्याचं बी असं ठेवलं तर तीन वर्षं सहज उगवतं. कांद्याचं मात्र वर्षाच्या आत वापरा.